हॅरी राइट : खेळण्याचा पगार उघडपणे घेणारा माणूस

चिंचपोकळीकर

माझे बाबा गिरणीच्या कबड्डी संघातून खेळायचे. मस्टरवर नाव विणकाम खात्यात, पण मोसम सुरू झाला की दुपारनंतर ते मैदानावर. चाळीत कोणी कौतुकानं, कोणी टोचून म्हणायचं, "याला खेळायचा पगार मिळतो." बाबा गप्प बसायचे. गुडघे सुजलेले असायचे, आई रात्री ते शेकत बसायची, पण त्या वाक्याला "हो, मिळतो" असं त्यांनी मान वर करून कधी उत्तर दिलं नाही. मला लहानपणी याचं फार वाईट वाटायचं.

गेली दोन वर्षं सुरुवातीच्या बेसबॉलबद्दल मिळेल ते वाचतोय आणि एका माणसापाशी थांबलोय. विल्यम हेन्री राइट, सगळे त्याला हॅरी म्हणत. "हो, मिळतो" हे त्यानं सगळ्या अमेरिकेसमोर म्हटलं.

गंमत अशी की तो मूळचा क्रिकेटवाला. जन्म १० जानेवारी १८३५, इंग्लंडमधल्या शेफील्डचा. वडील सॅम्युअल राइट पगारी क्रिकेटपटू होते. हॅरी तान्हा असतानाच हे कुटुंब अमेरिकेला आलं आणि वडील न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबात नोकरीला लागले. खेळपट्टी राखायची, सभासदांना गोलंदाजी टाकायची, सामन्यात खेळायचं. हॅरीनं चौदाव्या वर्षी शाळा सोडली, जवाहिऱ्यांच्या कारखान्यात काम शिकला आणि पुढे वडिलांच्याच क्लबात पगारी खेळाडू झाला. पैसे घेऊन खेळणारा बाप त्यानं रोज पाहिला होता. त्यात लपवण्यासारखं काही आहे हे त्याला घरातून कुणी शिकवलंच नसणार, असं मला वाटतं.

सेंट जॉर्जचे लोक हडसन नदीपलीकडे होबोकेनच्या एलिसियन फील्ड्सवर खेळायचे. त्याच माळावर न्यूयॉर्कचे निकरबॉकर क्लबवाले बेसबॉल खेळत. एकीकडे बॅट-स्टंप, दुसरीकडे तळांचा चौकोन. हॅरी इकडून तिकडे गेला तो असा. १८५८च्या सुमारास तो निकरबॉकरमध्ये खेळू लागला, पण पोट क्रिकेटवरच होतं. १८५९ साली जॉर्ज पारच्या नेतृत्वाखाली इंग्लंडचा संघ अमेरिका-कॅनडाच्या दौऱ्यावर आला, क्रिकेटमधला परदेशातला पहिलाच दौरा. होबोकेनला त्यांच्याविरुद्ध बावीस जणांचा अमेरिकन संघ उतरला, त्यात बापलेक दोघेही होते.

१८६५ला तो ओहायोतल्या सिनसिनाटीला गेला, तोही युनियन क्रिकेट क्लबाचा पगारी खेळाडू म्हणून, वर्षाला १,२०० डॉलरवर. यादवी युद्ध नुकतंच संपलं होतं आणि बेसबॉल गावोगाव पसरत होता. सिनसिनाटीच्या क्रिकेट मैदानावरच बेसबॉलचा क्लब उभा राहिला आणि १८६७ला हॅरी त्याच पगारावर तिकडे गेला. त्या वर्षी नदीपलीकडच्या न्यूपोर्टमधल्या होल्ट क्लबाविरुद्ध त्यानं एका सामन्यात सात होम रन (एका फटक्यावर सगळे तळ फिरून घरी परतणं) मारल्याची नोंद आहे.

आता मुख्य मुद्दा. तेव्हाच्या बेसबॉल क्लबांच्या राष्ट्रीय संघटनेत खेळाडूला पैसे द्यायला मनाई होती, पण सगळे देत होते. कुणाला नगरपालिकेत नोकरी, कुणाला दुकानात नावापुरतं काम. हॅरीचा धाकटा भाऊ जॉर्ज, त्या काळातला सगळ्यांत देखणा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या तळांमधला क्षेत्ररक्षक), १८६७ला वॉशिंग्टनच्या नॅशनल्स क्लबात होता. कागदावर तो सरकारी कारकून. कचेरीचा पत्ता दिला होता २३८, पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यू. त्या पत्त्यावर सार्वजनिक बाग होती.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. विणकाम खातं आठवलं.

१८६९च्या मोसमापासून संघटनेनं व्यावसायिक खेळाडूंना परवानगी दिली आणि क्लबाचे अध्यक्ष ॲरन चॅम्पियन व हॅरी यांनी दहाच्या दहा खेळाडू पगारी घेतले. पगार छापूनही आले : जॉर्ज १,४००, हॅरी १,२००, पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, एसा ब्रेनर्ड १,१००, फ्रेड वॉटरमन १,०००, पुढे पाच जण आठशेवाले, राखीव डिक हर्ली ६००. सगळे मिळून ९,३०० डॉलर. मूळ धंदेही नोंदलेले आहेत. स्वीझी आणि लेनर्ड टोप्या बनवणारे, ॲलिसन संगमरवर घडवणारा, मॅकव्ही पियानो बनवणारा, गूल्ड हिशेबनीस. दहांतला एकटा गूल्ड सिनसिनाटीचा.

हेच ते रेड स्टॉकिंग्ज. गुडघ्यापर्यंतची विजार आणि खाली लालभडक मोजे. तोवर बेसबॉलवाले पायघोळ पँट घालून खेळत.

पुढचं प्रतिसादांत लिहितो, एका दमात फार झालं.

सॉफ्टबॉलवाली

दादा, लेख वाचून अंगावर काटा आला. मी जळगावला शाळेपासून सॉफ्टबॉल खेळले, राज्य पातळीपर्यंत. आमच्या खेळाची ही बाजू कुणी सांगितलीच नव्हती.

एक विचारायचंय. तेव्हा पिचर खालून टाकायचा ना? म्हणजे आमच्यासारखाच? आणि ग्लोव्हज होते का?

चिंचपोकळीकर

ताई, बरोबर. हात खाली ठेवून, कोपर न झटकता, ४५ फुटांवरून टाकायचा. ग्लोव्हज नव्हते. कॅचरसुद्धा उघड्या हातांनी झेलायचा आणि त्याच्या तोंडावर जाळीही नसायची. ॲलिसन हा या संघाचा कॅचर, त्याच्या बोटांची काय दशा झाली असेल ते तुम्हीच जास्त सांगू शकाल. फाउल, म्हणजे रेषेबाहेर गेलेला चेंडू एका टप्प्यावर झेलला तरी बॅटर बाद.

हॅरी स्वतः सेंटर फील्डला उभा राहायचा आणि ब्रेनर्ड थकला की चेंडू हातात घ्यायचा. त्याचा चेंडू अगदी संथ. ब्रेनर्डच्या वेगाला सरावलेला बॅटर त्यापुढे लवकर फिरून जायचा. गोलंदाजी बदलून फलंदाजाची लय मोडायची हे त्यानं क्रिकेटमधूनच आणलं असावं असा माझा अंदाज आहे. एकामागे एक उभं राहून फेक सांभाळणं, मैदानावर खुणांनी बोलणं, रोज ठरल्या वेळी सराव, हे त्याच्या संघांचं वैशिष्ट्य. आज यात काही विशेष वाटत नाही. तेव्हा इतर क्लबांत संध्याकाळी जमून खेळायचं आणि मग जेवायचं, एवढाच रिवाज होता.

ओहायोकर

मी सिनसिनाटीत बारा वर्षं राहतो. ते मैदान, युनियन ग्राउंड्स, आज नाही. तिथे आता युनियन टर्मिनल आहे, १९३३चं अर्धघुमटाचं भलंमोठं रेल्वे स्टेशन. त्याचं आता संग्रहालय केलंय. मुलांना घेऊन दर उन्हाळ्यात जातो आणि समोरच्या कारंज्यापाशी डबा खातो. पायाखाली काय आहे हे आज कळलं, आभारी आहे.

१८६९च्या निकालांबद्दल लिहा ना. इथे सगळे "एकही हरले नाहीत" एवढंच सांगतात.

चिंचपोकळीकर

एकही हरले नाहीत हे खरंच आहे. संघटनेतल्या क्लबांविरुद्ध ५७ सामने, ५७ विजय. पण मला त्या प्रवासाचं जास्त वाटतं. वर्षभरात सुमारे बारा हजार मैल. जूनमध्ये पूर्वेला गेले. १५ जूनला न्यूयॉर्कच्या म्यूच्युअल्सना ४–२ असं हरवलं. तेव्हा एकेका सामन्यात तीस-चाळीस रन सहज होत, त्यामुळे एवढ्या कमी रनांचा सामना पाहून लोक चकित झाले. वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी त्यांना भेटायला बोलावलं. सप्टेंबरमध्ये थेट सॅन फ्रान्सिस्को गाठलं. पूर्व-पश्चिम जोडणारा रेल्वेमार्ग त्याच वर्षी मे महिन्यात पुरा झाला होता, म्हणजे चार महिन्यांपूर्वी हे शक्यच नव्हतं.

ऑगस्टमध्ये ट्रॉयच्या हेमेकर्सबरोबर एक वादाचा सामना झाला. १७–१७ अशी बरोबरी असताना एका निर्णयावरून हेमेकर्स मैदान सोडून गेले आणि अंपायरनं सामना सिनसिनाटीला दिला. पैजा लावणाऱ्यांचे पैसे वाचवायला ते निघून गेले, असं तेव्हाच बोललं गेलं. पैजांचा विळखा फार वाईट होता. "पैसे घेणारा खेळाडू म्हणजे विकला जाणारा खेळाडू" हा आरोप तिथूनच यायचा. हॅरीचं सगळं आयुष्य या आरोपाला कामातून उत्तर देण्यात गेलं. रविवारी खेळायचं नाही, अंपायरशी हुज्जत नाही, दारूवर कडक नजर, आणि हिशेब पै न् पैचा. रेल्वेची तिकिटं, हॉटेलं, सामन्याच्या तारखा, गेटवरच्या पैशांची वाटणी, सगळी पत्रं तो स्वतः लिहायचा.

त्या वर्षी क्लबाची जमा २९,७२६ डॉलर २६ सेंट आणि खर्च २९,७२४ डॉलर ८७ सेंट. शिल्लक १ डॉलर ३९ सेंट. मला हा आकडा ५७ विजयांपेक्षा मोठा वाटतो. देशातला सर्वोत्तम संघ पगार, गाडीभाडं, राहणं-खाणं सगळं खेळातूनच भागवू शकला, उघडपणे.

मीरा_जर्सीसिटी

होबोकेन आमच्यापासून गाडीनं दहा मिनिटांवर. वॉशिंग्टन स्ट्रीट आणि अकरावी गल्ली जिथे मिळतात तिथे बेसबॉलची आठवण म्हणून फलक आहे. मी कितीदा तिथून कॉफी घेऊन गेलेय. आता माळ नाही, सगळ्या इमारती आहेत. आमच्या भागात इतकी मराठी घरं आहेत, आणि मुलं शनिवारी क्रिकेट खेळायला लांब लांब जातात. ज्या गावात दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडचा क्रिकेट संघ येऊन खेळून गेला त्याच्या शेजारीच आम्ही राहतो, हे त्यांना आज जेवताना सांगितलं. धाकट्याचा विश्वासच बसेना.

जुनी_पानं

चांगला धागा. एक भर घालतो. हॅरीच्या आधी जिम क्रेटनचं नाव घ्यायला हवं. ब्रुकलिनच्या एक्सेल्सियर क्लबाचा पिचर, १८६०च्या सुमारास त्याला गुपचूप पैसे मिळत असं मानलं जातं. तोही उत्तम क्रिकेटपटू. १८६२च्या ऑक्टोबरमध्ये गेला, वय अवघं २१. "पहिला व्यावसायिक" हा मान बरेच जण त्याला देतात. त्यामुळे हॅरीला पहिला म्हणणं बरोबर नाही.

चिंचपोकळीकर

पूर्ण सहमत, आणि म्हणूनच मी शीर्षकात "पहिला" लिहिलं नाही, "उघडपणे" लिहिलं. क्रेटनचे पैसे खरे असतील तर ते पाकिटातून आलेले. पाकीट देणारा मोठा राहतो आणि घेणारा मिंधा होतो. करारावर सही केली की दोघं समोरासमोर येतात.

सॉफ्टबॉलवाली

हे वाक्य मी लिहून ठेवलं. बरं, ते हरले कधी मग?

चिंचपोकळीकर

१४ जून १८७०, ब्रुकलिनचं कॅपिटोलाइन मैदान. समोर अटलांटिक्स. या सामन्याबद्दल मी पानं भरून लिहू शकतो, आवरतं घेतो.

नऊ इनिंगनंतर ५–५. तेव्हा बरोबरी मानून घरी जायची पद्धत होती. अटलांटिक्स खूश होते, अजिंक्य संघाला रोखलं होतं. ते निघालेही. लोक मैदानात उतरले. हॅरी आणि चॅम्पियन मात्र अडून बसले, की नियमाप्रमाणे निकाल लागेपर्यंत खेळायचं. वर्तमानपत्रात बेसबॉलवर लिहिणारे हेन्री चॅडविक तिथे होते (हेही मूळचे इंग्लंडचे, क्रिकेटच्या बातम्या देता देता बेसबॉलकडे वळलेले). नियम लिहिण्यात त्यांचा हात होता, म्हणून त्यांना विचारलं. त्यांनी हॅरीची बाजू बरोबर ठरवली.

दहाव्या इनिंगमध्ये अटलांटिक्सचे खेळाडू तळांवर असताना एक सोपा उंच झेल जॉर्ज राइटकडे आला. त्यानं तो मुद्दाम हातातून सोडला, धावणारे गोंधळले आणि त्यानं दोघांना बाद करवलं. ताई, तुमच्या इनफील्ड फ्लायच्या नियमाचं (असा सोपा झेल सोडला तरी बॅटर बादच) कारण हेच. तो नियम पुढे १८९०च्या दशकात आला.

अकराव्यात सिनसिनाटीनं दोन रन काढले, ७–५. मग अटलांटिक्सची पाळी. जो स्टार्टचा मोठा फटका उजवीकडे गर्दीत गेला, मॅकव्हीला माणसांतून चेंडू काढायला वेळ लागला, एक रन आला. मग आला बॉब फर्ग्युसन. हा उजव्या हाताचा, पण जॉर्जकडे चेंडू जाऊ नये म्हणून डावखुरा उभा राहिला आणि बरोबरी साधली. मग गूल्डकडे आलेला चेंडू त्यानं दुसऱ्या तळाकडे स्वीझीला फेकला, तो निसटला, फर्ग्युसन घरी पोचला. ८–७.

हॅरीनं बरोबरी घेतली असती तर विजयमालिका खंडित झाली असती, पण हार लागली नसती. त्याला ते दिसत नव्हतं असं नाही. लोकांनी ५० सेंट दिले होते आणि नियम खेळा म्हणत होता.

अवधूत_नाशिक

पहाटे वाचतोय, झोप उडाली. मग पुढे? हरल्यावर सिनसिनाटीनं साथ दिली की नाही?

चिंचपोकळीकर

नाही दिली. गर्दी ओसरली, खेळाडू जास्त पगार मागू लागले, आणि वर्ष संपायच्या आत क्लबानं पगारी संघ बंद केला. हॅरी बोस्टनला गेला, बरोबर जॉर्ज, गूल्ड आणि मॅकव्ही. लाल मोजे आणि रेड स्टॉकिंग्ज हे नावही गेलं. रॉकफर्डहून ॲल स्पाल्डिंग आणि रॉस बार्न्स आले. १८७१ला व्यावसायिकांची स्वतःची संघटना झाली आणि बोस्टननं १८७२ ते १८७५ सलग चार वर्षं ती जिंकली. शेवटच्या वर्षी ७१ विजय, ८ पराभव.

१८७४च्या उन्हाळ्यात त्यानं बोस्टन आणि फिलाडेल्फियाचे संघ बोटीनं इंग्लंडला नेले, बेसबॉल दाखवायला. बेसबॉल पाहायला फारसं कुणी आलं नाही, तोटा झाला. पण तिथे ते क्रिकेटही खेळले आणि एकही सामना हरले नाहीत. लॉर्ड्सवर एमसीसीच्या १०५ला उत्तर म्हणून १०७. अमेरिकन अठरा जण होते हेही सांगायला हवं. शेफील्डलाही सामना झाला. तान्हा असताना सोडलेल्या गावात हॅरी एकोणचाळिसाव्या वर्षी संघ घेऊन परतला.

रानवाट

लेख मनापासून आवडला, तरी एक गोष्ट राहून गेलीय आणि ती राहू नये. हा खेळ उघड कुणासाठी झाला? डिसेंबर १८६७मध्ये याच राष्ट्रीय संघटनेनं कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या क्लबांना सभासद करायचं नाही असं ठरवलं. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या पिथियन क्लबानं पेनसिल्व्हेनियाच्या संघटनेत अर्ज केला होता, तोही मागे घ्यावा लागला. त्या क्लबाचे ऑक्टेव्हियस कॅटो शिक्षक होते, मतदानाच्या हक्कासाठी लढत होते. १० ऑक्टोबर १८७१ला, निवडणुकीच्या दिवशी, त्यांना रस्त्यात गोळ्या घालून मारलं. म्हणजे हॅरीचा बोस्टन संघ पहिला व्यावसायिक मोसम खेळत होता तेव्हा.

आणि आपल्याकडचं उदाहरण इथे आठवल्याशिवाय राहत नाही. बाळू पालवणकर पुण्याच्या इंग्रज क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाचं काम करायचे, ग्रेगसारख्या इंग्रज फलंदाज साहेबाला तासन् तास गोलंदाजी टाकायचे. तोच हॅरीच्या वडिलांचा धंदा. पण सॅम्युअल राइटच्या मुलाला कर्णधार होता आलं. बाळू चर्मकार समाजातले. हिंदू संघात घेतल्यावरही चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात, बाहेर. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी दिलं नाही.

चिंचपोकळीकर

रानवाट, तुम्ही लिहिलंत ते धाग्याच्या मुख्य लेखातच हवं होतं. हॅरीचे सगळे संघ गोऱ्यांचेच होते. पैशाबद्दल तो ज्या सचोटीनं वागला तिचा उपयोग कॅटोंच्या माणसांना झाला नाही. बाळूंची तुलना मला सुचली नव्हती आणि आता ती डोक्यातून जाणार नाही. नेट्समध्ये गोलंदाजी टाकून पोट भरणारी दोन माणसं, चाळीस-पन्नास वर्षांच्या अंतरानं.

ओहायोकर

एक शंका. म्हणजे आजचे सिनसिनाटी रेड्स हे त्या संघाचे वारस नाहीत?

चिंचपोकळीकर

नावानं आणि गावानं आहेत, सरळ रेषेत नाहीत. आजचा क्लब १८८०च्या दशकातला. हॅरीनं बोस्टनला उभारलेला संघ पुढे ब्रेव्हज झाला, १९५३ला मिलवॉकीला आणि १९६६ला अटलांटाला गेला. त्या अर्थी हॅरीचा संघ आजही खेळतोय, अटलांटात.

उरलेलं थोडक्यात. १८७६ला नॅशनल लीग निघाली, शिकागोनं त्याचे चार मोहरे पळवले, तरी १८७७ आणि १८७८ला बोस्टन जिंकलं. १८७९ला त्याला हरवलं ते प्रॉव्हिडन्सनं, आणि प्रॉव्हिडन्सचा मॅनेजर होता जॉर्ज, सख्खा भाऊ. त्याच वर्षी मालकांनी राखीव खेळाडूंचा नियम आणला. ठरावीक पाच खेळाडू क्लबानं सोडल्याशिवाय दुसरीकडे जाऊ शकणार नाहीत. पुढे तो सगळ्यांना लागू झाला आणि जवळपास शंभर वर्षं टिकला. पगार उघड झाला, पण त्याची किंमत ठरवायचा हक्क मालकाकडे गेला. त्यात पुढाकार हॅरीच्याच बोस्टनचे मालक आर्थर सोडन यांचा.

हॅरी नंतर प्रॉव्हिडन्स आणि १८८४पासून दहा मोसम फिलाडेल्फिया इथे मॅनेजर होता. १८९०ला त्याची दृष्टी काही काळ गेली. दिसू लागल्यावर परत कामावर आला. ३ ऑक्टोबर १८९५ला अटलांटिक सिटीत वारला. पुढच्या एप्रिलमध्ये लीगनं त्याच्या स्मारकासाठी एक दिवस गावोगाव सामने भरवले. एकूण १,२२५ विजय त्याच्या नावावर आहेत. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (थोरांच्या मानाच्या यादीत) धाकटा भाऊ १९३७ला गेला, हॅरीला १९५३ उजाडावं लागलं.

मीरा_जर्सीसिटी

सगळं वाचलं. तुमच्या बाबांचं पुढे काय झालं, हे विचारू का? नसेल लिहायचं तर नका लिहू.

चिंचपोकळीकर

लिहितो, ताई. १९८२च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि त्यानंतर ती गिरणी पुन्हा नीट चाललीच नाही. बाबांचं खेळायचं वय तोवर सरलं होतं. हिशेब हातात पडायला बरीच वर्षं गेली. ते कागद आईनं ट्रंकेत ठेवलेत, हा लेख लिहायच्या आधी मी काढून पाहिले. सेवेची वर्षं आहेत, तिकीट नंबर आहे, विणकाम खातं आहे. कबड्डी हा शब्द कुठेही नाही.

सिनसिनाटीच्या १८६९च्या यादीत दहा नावं आहेत. प्रत्येकापुढे तो मैदानात कुठे उभा राहायचा ते लिहिलंय, आणि त्यापुढे पगार. मी ती वहीत उतरवून घेतली. मग खाली अकरावी ओळ लिहिली : बाबांचं नाव, डावा कोपरा, आणि आईला विचारून त्यांचा १९७४चा महिन्याचा पगार.